कोयता : एका अवजाराचा अभ्यास

इतिहासाच्या पुस्तकांत तलवारींची वर्णने पानोपानी आढळतात. कोणत्या राजाची तलवार कोणी घडविली, ती कोणत्या लढाईत चालली, आज ती कोठे ठेवली आहे, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. परंतु ज्या पात्याने माणसाने धान्य कापले, चामडे कापून जोडा शिवला, बांबू चिरून सूप विणले आणि ऊस तोडला, त्या पात्याचा इतिहास फारसा कोणी लिहिला नाही. कारण उघड आहे. तलवार धरणाऱ्यांच्या पदरी लेखणी होती. कोयता धरणाऱ्यांच्या हाती ती पिढ्यानपिढ्या येऊच दिली गेली नाही.

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही जाणीवपूर्वक कोयता हा विषय निवडला आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावरचे उसाचे तालुके होत. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना आणि दौंड तालुक्यातील गुऱ्हाळे ही नावे आपल्या पालकांना परकी नाहीत. वसतिगृहातील अनेक मुलामुलींचे आईवडील कोयत्यावर पोट भरतात, आणि आज नोकरीत स्थिरावलेल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांचे बालपण पाचटाच्या कोपीत गेलेले आहे. म्हणून या अवजाराविषयी तीन प्रश्न आम्ही येथे मांडतो. हे पाते आपल्यापर्यंत आले कसे? ते नीट वापरावे कसे? आणि ते धरणाऱ्या माणसाची नोंद कोणत्या नावाने व्हावी?

शस्त्र, हत्यार आणि अवजार

मराठीत शस्त्र, हत्यार आणि अवजार असे तीन शब्द आहेत. शस्त्र लढण्यासाठी असते, अवजार कामासाठी असते, आणि हत्यार हा शब्द दोहोंकडे चालतो. सुतार आपल्या वाकस-पटाशीला हत्यारे म्हणतो. पंचनाम्यातही जप्त केलेले हत्यार असा शब्द येतो. भाषेतील ही सरमिसळ सहज झाली असली तरी विद्यार्थ्याने विचार करताना ती टाळली पाहिजे. वस्तू तीच असली, तरी हेतू बदलला की तिचे नाव बदलते.

पात्यांचेही दोन प्रकार असतात. एक मिटणारे आणि दुसरे मुठीत पक्के बसविलेले. मिटणारा चाकू खिशात मावतो. फळ कापण्यास, पेन्सिलीला टोक करण्यास तो पुरेसा असतो. परंतु त्याचा सांधा हीच त्याची कमकुवत जागा होय. आडवा जोर पडला की सांधा ढिला होतो आणि पाते धरणाऱ्याच्याच बोटांवर मिटण्याचा धोका असतो. ज्या कामाला मनगटाचा, खांद्याचा आणि कधी कमरेचाही जोर लागतो, तेथे पाते आणि मूठ एकजीव असावी लागतात. म्हणूनच आपल्या भागातील कष्टाची सारी पाती, मग तो कोयता असो, विळा असो, खुरपे असो की चांभाराची रापी, न मिटणारी आहेत. घरातील विळी हा याच कुळातील एक विशेष प्रकार. तिचे पाते पाटाला पक्के असते. पाते जागचे हलत नाही, भाजी पात्याकडे नेली जाते. पाटावर पाय ठेवून बसणाऱ्या स्त्रीचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात. ज्या अनाम स्त्री-पुरुषांनी ही रचना शोधली, त्यांच्या बुद्धीचे मोल कोणत्याही यंत्रशास्त्रज्ञापेक्षा आम्ही कमी मानत नाही.

इनामगावचे पाते

या पात्याचा माग काढण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कार्याशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे ताम्रपाषाणयुगातील शेतकरी राहत होते, असे या उत्खननाने दाखवून दिले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले, पाण्यासाठी काढलेला पाट आणि बांध मिळाला, धान्य मिळाले, आणि त्याबरोबर मिळाली मोठ्या संख्येने दगडाची पाती.

तांबे त्या काळी दुर्मीळ होते. त्यामुळे रोजच्या कापाकापीसाठी कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या कठीण दगडापासून लांबट, पातळ आणि समांतर कडांची पाती काढली जात. दगडाच्या गाभ्यावर नेमक्या जागी दाब वा आघात देऊन एकामागून एक सारखी पाती काढणे हे साधे काम नव्हे. त्याला डोळा आणि हात दोन्ही तयार लागतात. अशी पाती लाकडाच्या वा हाडाच्या खोबणीत डिंकासारख्या चिकट पदार्थाने पक्की बसवली की विळा किंवा सुरी तयार होई. एखादे पाते बोथट झाले तर तेवढेच काढून नवे बसविता येई. मुठीत पक्के बसविलेले कामाचे पाते आपल्या तालुक्यात तीन हजार वर्षांहून अधिक काळापासून आहे, असे आपण पुराव्यानिशी म्हणू शकतो.

इनामगावात गावाच्या मध्यभागी सुस्थितीतील लोकांची आणि पश्चिमेच्या कडेला कुंभारासारख्या कारागिरांची घरे होती, असे उत्खनकांचे मत आहे. हे वाचून काही विद्यार्थी लगेच विचारतात, ‘सर, म्हणजे तेव्हाही गावकुसाबाहेर ठेवत होते का?’ प्रश्न रास्त आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्याच्या पुढे धावू नये. घरे कडेला होती, एवढेच माती सांगते. स्पर्शाची बंदी, विटाळ आणि जन्माने ठरणारा धंदा यांचा पुरावा त्या मातीत मिळत नाही. या गोष्टी माणसांनी पुढे निर्माण केल्या. ज्या गोष्टी माणसांनी निर्माण केल्या, त्या माणसांना मोडताही येतात. इनामगावकडून घेण्यासारखा हा धडा आहे.

लोहाराची भट्टी आणि गावगाडा

दगडानंतर लोखंड आले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकातील मानली जाते. लोखंडाने शेतीचे आणि जंगलतोडीचे रूप पालटले. गावोगावच्या लोहारांनी आणि पाल ठोकून फिरणाऱ्या घिसाडी बांधवांनी हे ज्ञान आपल्या काळापर्यंत आणून पोहोचविले. आजही शिरूर-दौंडच्या बाजारात रस्त्याच्या कडेला भट्टी पेटवून बसलेले घिसाडी कुटुंब दिसते. बहुधा स्त्री घण मारीत असते आणि पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरून ते फिरवीत असतो.

चांगला कोयता पुष्कळदा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडविला जातो. कमानीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण योग्य असते, त्यामुळे ते तापवून एकदम थंड केले की कठीण होते. यालाच आपल्याकडे ‘पाणी देणे’ म्हणतात. परंतु नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते. गाठीवर बसले की त्याचा तुकडा उडतो. म्हणून कारागीर ते पुन्हा बेताने गरम करून त्यातील ठिसूळपणा घालवितो. पात्याच्या अंगावर चढत जाणारा पिवळा, तांबूस, निळा रंग पाहून तो नेमका क्षण ओळखतो. त्याच्यापाशी तापमापक नसतो. असतो तो केवळ डोळ्याने मिळविलेला अनुभव. रसायनशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना जे धडे फळ्यावर शिकवितो, ते या माणसाने भट्टीपाशी शिकलेले असतात. आणि तरी त्याला समाज अडाणी म्हणतो.

गावगाड्यात प्रत्येकाच्या हाती कोणते ना कोणते पाते होते. चांभाराच्या हाती रापी, बुरुडाच्या हाती बांबू सोलण्याची सुरी, शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणाऱ्या मातंगाच्या हाती कोयता, आणि वतनदारांची लाकडे फोडणाऱ्या महाराच्या हाती कुऱ्हाड. खंडेनवमीला या अवजारांना गंधफूल वाहिले जाई. मात्र ते अवजार धरणाऱ्या हाताचा विटाळ मानला जाई. लोखंड पवित्र आणि माणूस अपवित्र, असा हा न्याय होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधात या व्यवस्थेच्या मुळावर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी आहे, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की येथे कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी झालेली आहे. त्या वाटणीत आवड, कुवत आणि निवड यांना कोठेही स्थान नाही. याआधी १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. महार वतनाचा जाच त्यांना मोडावयाचा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. कुऱ्हाड किंवा कोयता धरणे यात कमीपणा नाही. तो जन्मामुळे आणि मोबदल्यावाचून धरावा लागणे यात अन्याय आहे. हा फरक मुलांच्या मनावर बिंबविला पाहिजे.

धम्म आणि कायदा काय सांगतो

काहींना वाटते की अहिंसेचा उपदेश करणाऱ्या बौद्ध परंपरेत पात्याला स्थान नसावे. वस्तुस्थिती तशी नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर ‘वासी’ म्हणजे वस्तरा वा लहान सुरी आहे. सर्वस्वाचा त्याग करणाऱ्या माणसालाही एक पाते लागते, हे तथागतांच्या संघाने मान्य केले होते.

मज्झिम निकायातील वम्मिक सुत्तात एक कोडे आहे. वारूळ खणण्यास सांगितले जाते आणि ते शस्त्र घेऊन खणावयाचे असते. कुमार कस्सप या भिक्खूने त्याचा अर्थ विचारला असता भगवंतांनी शस्त्र म्हणजे आर्य प्रज्ञा आणि खणणे म्हणजे नेटाचा प्रयत्न असा उलगडा केला. संयुत्त निकायात सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त येतो. रोजच्या वापराने दांड्यावर बोटांचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजला हे मात्र त्याला कळते. मनातील विकारही असेच रोजच्या साधनेने झिजतात, असे तेथे सांगितले आहे. शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढल्यानंतर आम्हांला हा दृष्टान्त विशेष जवळचा वाटतो. मूल आज किती शिकले हे संध्याकाळी मोजता येत नाही; दहा वर्षांनी मात्र ते दिसते.

त्याच बुद्धवचनात उपासकाला वर्ज्य असलेले पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत पहिला शस्त्रांचा व्यापार आहे. म्हणजे अवजार आणि शस्त्र यांतील भेद धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वीच केला होता. आपल्या देशाचा कायदाही हाच भेद करतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या चाकू-सुऱ्यांवर नियमांचे बंधन आहे. तेथेही घर, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनविलेल्या पात्यांना सूट आहे.

परंतु ही सूट कामासाठी आहे, मिरविण्यासाठी नाही. गेल्या काही वर्षांत पुणे शहरात ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांतून रूढ झाला. कोवळ्या वयाची मुले हातात कोयता घेऊन दुकाने फोडतात, वाहनांच्या काचा फोडतात, त्याची चित्रफीत करून पसरवितात. ज्या अवजाराने आईवडिलांनी घर चालविले, त्याच अवजाराचे नाव आज शहरात दहशतीचे झाले आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे पुणे, पिंपरी-चिंचवड, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कामानिमित्त राहतात, त्यांनी आपल्या मुलांशी या विषयावर बोलले पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश निघतात; त्या काळात सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगल्यास गुन्हा दाखल होतो. एका चित्रफितीच्या हौसेपायी चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर डाग पडला, तर पोलीस भरतीचे, सैन्य भरतीचे स्वप्न तेथेच संपते.

पाठ : पाते निवडणे, लावणे, चालविणे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या परसबागेत आणि कार्यानुभवाच्या तासाला मोठ्या वर्गातील मुलामुलींना आम्ही हे शिकवितो. घरीही प्रत्येक पालकाने शिकवावे.

निवड करताना प्रथम मूठ पाहावी. मूठ बाभळीसारख्या चिवट लाकडाची, हाताच्या पकडीत भरणारी आणि चीर नसलेली असावी. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीत खोलवर गेलेला असावा आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे. कोयता दोन-तीनदा हवेत हलवून पाहावा. किंचितही खुळखुळ जाणवली तर तो घेऊ नये. निसटलेले पाते शेजारच्या माणसाचा जीव घेऊ शकते. कोयता आपल्या ताकदीच्या मानाने जड नसावा. वडिलांचा कोयता मुलाच्या हाती देणे म्हणजे वडिलांची चप्पल घालून धावण्यास सांगण्यासारखे आहे.

धार कामाप्रमाणे असावी. ऊस आणि कडबा यांसाठी पातळ धार चालते. बाभळीचे लाकूड तोडायचे असेल तर धार थोडी जाड ठेवावी, अन्यथा ती वळते. कोयता पक्का दाबून धरावा आणि कानस एकाच दिशेने, दोन्ही अंगांनी सारख्या वेळा चालवावी. शेवटी निसण्यावर दोन-चार हात फिरवावेत. धार अंगठ्याने तपासू नये. कागद किंवा पाचटाचे पान कापून पाहावे. बोथट पाते सुरक्षित असते, हा मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर अधिक लागतो, अधिक जोराने पाते घसरते, आणि घसरलेले पाते पायावर येते.

काम करताना पाय फाकवून स्थिर उभे राहावे. ऊस तोडताना डाव्या हाताने ऊस वरच्या बाजूस धरावा आणि वार जमिनीलगत, आपल्या नडगीपासून दूर जाईल अशा रोखाने द्यावा. तोड बुडख्यालगत व्हावी, कारण साखरेचा उतारा खालच्या कांड्यांत अधिक असतो आणि खोडव्याचे फुटवेही जमिनीतून चांगले येतात. हात अधिक कोयता एवढ्या लांबीचे वर्तुळ आपल्याभोवती आहे असे समजावे आणि त्यात कोणालाही येऊ देऊ नये. पाते हातात असताना मागे वळू नये, पळू नये. दुसऱ्याला देताना कोयता जमिनीवर ठेवावा आणि त्याने तो उचलावा. हवेत देणे-घेणे करू नये. घाम आला की मूठ पुसावी. थकवा आला की थांबावे, कारण बहुतेक जखमा शेवटच्या तासात होतात हे प्रत्येक तोडकऱ्याला ठाऊक असते.

काम संपल्यावर उसाचा चिकट रस धुऊन पाते कोरडे करावे आणि त्यावर तेलाचा हात फिरवावा. नेताना धारेला पोत्याचा तुकडा किंवा चामड्याचे म्यान बांधावे. उघडा कोयता सायकलच्या वा मोटारसायकलच्या हँडलला अडकवू नये. घरात तो लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात ठेवावा.

जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, जखमी हात हृदयाच्या वर उचलावा आणि दवाखान्यात जाऊन टाके व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जखमेत हळद, चुना, तंबाखू किंवा माती भरू नये. फडात मूल एकटे सोडू नये. शिरूर तालुक्यातील ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि वाकलेले किंवा बसलेले लहान शरीर त्याला भक्ष्यासारखे भासते.

‘एक कोयता’ म्हणजे कोण?

आता तिसऱ्या आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. साखर कारखान्याच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघे मिळून ती वाहतात. एकटा मनुष्य असेल तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यावर उचल देतो आणि टोळीत किती कोयते आहेत ते मोजतो. बीड, मराठवाड्याचे इतर भाग आणि अहिल्यानगर येथून दर हंगामात लाखो माणसे अशी कोयते म्हणून मोजली जातात आणि आपल्या गावच्या शिवारात येऊन कोपी उभारतात.

हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु क्षणभर थांबून त्याचा अर्थ पाहू. येथे अवजार माणसाच्या नावावर नाही, माणूसच अवजाराच्या नावावर आहे. जोडप्यातील स्त्रीचे नाव तर कोठेच येत नाही. पहाटे उठून भाकरी करणारी, दिवसभर मोळ्या वाहणारी, अंगावरचे मूल फडाच्या कडेला झोळीत टाकणारी ती स्त्री हिशेबाच्या वहीत अर्ध्या कोयत्याची धनीण असते आणि मजुरी मात्र नवऱ्याच्या उचलीत वळती होते. एखादा दिवस अंगात ताप असला तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. परंतु तो दर टनाचा आहे, कामाच्या तासांचा नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातील कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्याने आली. कारखान्याच्या फाटकाच्या आत ती मर्यादा पोहोचली. त्याच कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या फडापर्यंत ती आजही पोहोचलेली नाही.

नावाचे महत्त्व आपल्या लोकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेल्या पलटणीतील जे सैनिक दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे कामी आले, त्यांची नावे भीमाकाठच्या जयस्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले, ते त्या नावांपुढे उभे राहण्यासाठी. दगडावर नाव कोरलेले असल्यामुळे शंभर वर्षांनंतरही इतिहास नाकारता आला नाही. फडात राबणाऱ्या माणसांचा मात्र स्तंभ नाही आणि यादीही नाही.

ही यादी आता तयार होऊ शकते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे ठरविले. त्याच वर्षी त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू झाली. योजना कागदावर राहू नयेत यासाठी शिकलेल्या माणसाने पुढे यावे लागते. ओळखपत्रावर पती आणि पत्नी या दोघांचीही नावे स्वतंत्रपणे लागली पाहिजेत.

आपण काय करावे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे अशी मागणी केली होती. हाताचे काम आणि अक्षरज्ञान यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. आमचाही आग्रह तोच आहे. आपल्या विद्यालयातील मुलाला कोयता चालविता यावा, त्याची धार लावता यावी, त्याचे पोलाद कसे बनते हे रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता यावे आणि टनाच्या दराचा हिशेब तपासता यावा. ऊसतोडणीची यंत्रे आता आपल्या भागातही फिरू लागली आहेत. उद्या कोयता हळूहळू कमी होईल. त्या यंत्राच्या आसनावर कोण बसेल, ते दुरुस्त कोण करील, याचे उत्तर आजच्या पटावर ठरणार आहे. कोयत्याची लाज नको, आणि त्याचा वारसा सक्तीने नको, एवढेच आमचे म्हणणे आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरातील जुना कोयता, रापी, खुरपे किंवा विळी पडून असेल, तर ती विद्यालयाकडे द्यावी. इतिहासाच्या खोलीत आम्ही या अवजारांचे दालन उभारीत आहोत. मात्र अवजाराबरोबर ते कोणी वापरले, कोणत्या गावी, किती वर्षे, हेही लिहून द्यावे. आजीचे नाव आठवत नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. नाव नसलेले अवजार आम्ही स्वीकारणार नाही, कारण ते दालन लोखंडाचे नाही.

पालकांना सांगणे आणखी थोडके आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि तेव्हा घराला कुलूप लागते. गाडीत संसार भरण्यापूर्वी मुलामुलींना वसतिगृहात आणून सोडावे. मुलीलाही आणावे; धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिला फडावर नेऊ नये. धाकटा सहा वर्षांचा झाला असेल तर दोघांनाही आणावे. हजेरीच्या पटावर त्यांची पूर्ण नावे, आईच्या नावासह, आम्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतो.